एक्सप्लेनर : ‘डॉट इन’ कोणाच्या हाती, हे ठरवणारे जॉन पोस्टेल कोण होते?

छत्रपती संभाजीनगर : वेबसाइटच्या नावामागे लागणारे ‘डॉट इन’ कोणी सांभाळायचे, याचा निर्णय एकेकाळी प्रामुख्याने एकाच माणसाच्या टेबलावर होत असे. त्यांचे नाव जॉन पोस्टेल.

सुरुवात कशी झाली?
६ ऑगस्ट १९४३ रोजी कॅलिफोर्नियात जन्म. विद्यार्थीदशेतच, १९६९ पासून, ‘अर्पानेट’च्या तांत्रिक दस्तऐवजांचे संपादन त्यांनी हाती घेतले. पुढे क्रमांक आणि डोमेनच्या नोंदीही त्यांच्याकडे आल्या.

नियम काय केले?
देश कोणाला म्हणायचे, हा वाद अंगावर न घेता त्यांनी ‘आयएसओ ३१६६’ ही तयार यादी वापरली. १९८९ मध्ये ‘डॉट इन’ मुंबईच्या ‘एनसीएसटी’कडे आले, २००५ पासून ‘निक्सी’ ते सांभाळते. नोंदणी संस्था ही विश्वस्त असते, तिला मालकी सांगता येणार नाही आणि सर्व अर्जदारांना समान वागणूक द्यावी लागेल, असे त्यांनी १९९४ मध्ये नमूद केले.

वाद कशावरून?
जानेवारी १९९८ मध्ये त्यांच्या सांगण्यावरून आठ रूट सर्व्हर मूळ यादी त्यांच्या यंत्रणेकडून घेऊ लागले. अमेरिकी सरकारने हरकत घेताच त्यांनी बदल मागे घेतला. मात्र एका व्यक्तीवरील विश्वासावर जगाचे इंटरनेट उभे असल्याचे उघड झाले.

पुढे काय?
३० सप्टेंबर १९९८ रोजी ‘आयकॅन’ स्थापन झाली. १६ ऑक्टोबरला, ५५ व्या वर्षी, पोस्टेल यांचे निधन झाले. अमेरिकी सरकारची देखरेख २०१६ मध्ये संपली. देवनागरीतील ‘डॉट भारत’ही ‘निक्सी’कडेच आहे, विश्वस्तपणाची कसोटी तिथेही लागते.