शिरढोणचे घर आणि कर्नाळ्याचा अंगठा

आमच्या इतिहास मंडळाची सहल यंदा कर्नाळ्याला जायची ठरली, तेव्हा निम्म्या मंडळींचा डोळा पक्ष्यांवर होता आणि उरलेल्यांचा डब्यांवर. शिरढोण वाटेतच आहे, तेव्हा वासुदेव बळवंतांचे घर पाहून पुढे जाऊ, ही सूचना सरांची. खरे सांगायचे तर धोबीतलावच्या चौकाला वासुदेव बळवंत फडक्यांचे नाव आहे, याहून फारशी ओळख माझी त्यांच्याशी नव्हती.

पनवेल सोडून गाडी गोव्याच्या रस्त्याला लागली. पळस्प्याला सरांनी सगळ्यांना खिडकीबाहेर पाहायला लावले. १८७९ च्या मे महिन्यात इथे जबरदस्त दरोडा पडला होता. घालणारे वासुदेव बळवंतांचेच लोक, म्होरक्या दौलतराव नाईक. आणि इथून हाकेच्या अंतरावर शिरढोण, नायकाचे जन्मगाव! आद्य क्रांतिकारकाच्या घरी निघालो होतो आणि वाटेत आधी दरोडाच लागला. मला हे जरा खटकले.

घर साधे, कौलारू. तिथल्या अंगणात उभे राहून डोंगराकडे नजर टाकली की कर्नाळ्याचा सुळका वर काढलेल्या अंगठ्यासारखा दिसतो. आजोबा अनंतराव हे त्या गडाचे किल्लेदार. १८१८ साली गड इंग्रजांनी घेतला आणि किल्लेदारी संपली. ४ नोव्हेंबर १८४५ रोजी जन्मलेल्या या नातवाला गेलेल्या राज्याची गोष्ट कुणी मुद्दाम सांगावी लागली नसेल. ती रोज समोर उभीच होती.

तरीही हा मुलगा मोठेपणी इंग्रजांचाच कारकून झाला. कल्याण, मुंबई, पुणे असे शिक्षण; मग रेल्वेत, नंतर ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि शेवटी पुण्यास लष्करी हिशेबाच्या कचेरीत नोकरी. जवळपास पंधरा वर्षे त्यांनी सरकारचे आकडे लिहिले. आईच्या दुखण्याची बातमी आली तेव्हा त्यांनी रजा मागितली. ती वेळेवर मिळाली नाही. अखेर ते तसेच निघाले, पण शिरढोणला पोचेपर्यंत आई गेली होती. पुढच्या वर्षी श्राद्धासाठी मागितलेली रजाही नाकारली गेली.

इथे मी क्षणभर सरांचे बोलणे ऐकायचे विसरलो. आमची आजी गावी गेली तेव्हा वडिलांच्या रजेच्या अर्जावर सही व्हायला दोन दिवस लागले होते. आम्ही पोचलो ते तिसऱ्या दिवशी. वडील त्याबद्दल कधीच बोलत नाहीत.

केवळ रजेपायी माणूस बंड करीत नाही, हे मलाही कळते. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांची व्याख्याने त्यांनी ऐकली. देश कसा निर्धन होत चालला आहे त्याचा हिशेब मनात पक्का झाला. लहुजी वस्तादांच्या तालमीत ते हत्यार चालवायला शिकले. वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्याबरोबर त्यांनी शाळा काढली; आजच्या महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटीचे मूळ ते. म्हणजे तलवारीच्या आधी पाटी झाली होती. मग १८७६-७७ चा दुष्काळ आला. उपाशी माणसे त्यांनी डोळ्यांनी पाहिली आणि नोकरी सुटली ती सुटलीच. सुशिक्षितांपैकी फारसे कुणी पुढे आले नाही. आले ते रामोशी, कोळी, धनगर. फेब्रुवारी १८७९ मध्ये शिरूर तालुक्यातील धामारीला पहिली मोठी लूट झाली. सैन्य उभे करायला पैसा हवा म्हणून सावकार लुटायचे, असा हा बेत. सरकारने त्यांच्यावर इनाम लावले, तर यांनी उलट गव्हर्नर रिचर्ड टेंपलच्या शिरावर इनाम जाहीर केले! पण पळस्प्याच्या लुटीनंतर दौलतराव मेजर डॅनियलच्या तुकडीकडून मारले गेले आणि कंबरच मोडली. जुलै १८७९ मध्ये विजापूरकडे देवर नावदगी येथे वासुदेव बळवंत पकडले गेले, तापाने फणफणलेले. पुण्यातल्या खटल्यात सार्वजनिक काकांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. परंतु त्यांनी स्वतःच लिहिलेले आत्मवृत्त आणि रोजनिशी त्यांच्याविरुद्ध पुरावा ठरली. हिशेबनिसाची सवय नडली, असे मला वाटून गेले. जन्मठेपेसाठी त्यांना एडनला धाडले. तिथेही एका रात्री खोलीचे दार बिजागरीतून उखडून ते पळाले आणि पुन्हा पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनलाच त्यांचा अंत झाला. वय अवघे ३७.

पुढे कर्नाळ्याला गेलो. १९६८ पासून हे पक्षी अभयारण्य आहे. खालच्या झाडीत गारवा असतो, वर चढताना घाम निघतो. स्वर्गीय नर्तक दिसेल म्हणून चार जण माना वर करून थांबले, त्यांना कोतवाल दिसला. सुळक्याला मधमाश्यांची पोळी असतात, म्हणून सरांनी बोलायची बंदी केली. वर्गात कधी न साधलेली शांतता त्यांना तिथे मिळाली. मी गडाच्या कडेला बसून शिरढोणची कौले शोधीत होतो. पळस्पे आणि शिरढोण वरून अगदी शेजारी वाटतात. कोणाचे घर लुटले गेले आणि कोणाचे घर आपण पाहायला जातो, हा प्रश्न मी सरांना उतरताना विचारला. लुटल्या गेलेल्यांची बाजूही लिहून ठेवायला हवी होती, असे सर म्हणाले, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

रात्री घरी आल्यावर जेवताना वडिलांना सगळे सांगितले. दरोड्याचे सांगितले, एडनचे सांगितले. त्यांनी एवढेच विचारले, की आईची भेट झाली का. नाही म्हटल्यावर त्यांनी ताटातला भात कालवला आणि मला आमटी वाढायला सांगितली.