विश्लेषण : मेट्रोनोमवाल्याशी मैत्री, मग कोर्टकज्जा… बीथोव्हेनच्या सातव्या सिम्फनीमागची गोष्ट काय?

गिटार किंवा पियानो शिकणाऱ्यांच्या मोबाइलमध्ये मेट्रोनोमचे अ‍ॅप हमखास असते. मिनिटाला किती ठोके, हे टकटक करून सांगणारे हे यंत्र दोनशे वर्षांपूर्वी योहान मेल्झेलने युरोपभर पोहोचवले. याच मेल्झेलने ऐकू येईनासे झालेल्या लुडविग व्हान बीथोव्हेनला कानाला लावायचे धातूचे कर्णे बनवून दिले, त्याची गाजलेली मैफल जमवून आणली आणि काही महिन्यांतच दोघे एकमेकांचे वैरी झाले. सातवी सिम्फनी लोकांसमोर आली ती याच मैफलीत.

बीथोव्हेन अडचणीत का होता?

बॉनमध्ये १७७० साली जन्मलेला बीथोव्हेन १७९२ मध्ये व्हिएन्नाला आला आणि पियानोवादक म्हणून नावारूपाला आला. तिशी गाठण्याआधीच त्याचे कान दगा देऊ लागले. १८०२ मध्ये हायलिगेनश्टाट या गावी त्याने भावांसाठी एक पत्र लिहिले. जीव देण्याचा विचार मनात आला होता, याची कबुली त्यात आहे. ते पत्र त्याने कधी पाठवलेच नाही. पुढच्या दहा वर्षांत तिसरी, पाचवी, सहावी अशा सिम्फनी त्याने लिहिल्या.

पैशांचे गणित मात्र फसले. त्याने व्हिएन्ना सोडू नये म्हणून तीन सरदारांनी १८०९ मध्ये वर्षाला ४,००० फ्लोरिन देण्याचा करार केला होता. १८११ मध्ये युद्धखर्चाने खिळखिळ्या झालेल्या ऑस्ट्रियाने कागदी चलनाची किंमत एकपंचमांशावर आणली. तिघांपैकी लॉब्कोविट्झ कर्जबाजारी झाला, तर किन्स्की १८१२ मध्ये घोड्यावरून पडून मरण पावला. सातवी सिम्फनी त्याच वर्षी लिहून झाली होती, पण मैफलीचा योग येत नव्हता.

८ डिसेंबर १८१३ रोजी काय घडले?

मेल्झेलकडे पॅनहार्मोनिकॉन हे आपोआप वाजणारे, अख्ख्या वाद्यवृंदाचा आवाज काढणारे यंत्र होते. (बुद्धिबळ खेळणारा प्रसिद्ध ‘तुर्क’ही काही काळ त्याच्या मालकीचा होता, त्याच्या आत माणूस लपलेला असे!) वेलिंग्टनने स्पेनमध्ये फ्रेंचांना हरवल्यावर या यंत्रासाठी विजयाचे संगीत लिही, असे त्याने बीथोव्हेनला सुचवले. पुढे ते वाद्यवृंदासाठी बेतले गेले. हानाउच्या लढाईतील जखमी सैनिकांच्या मदतीसाठी व्हिएन्ना विद्यापीठाच्या सभागृहात मैफल ठरली.

वाद्यवृंदात नामवंतांची रांग होती. सालिएरी तोफांच्या आवाजाचा ताल सांभाळत होता, व्हायोलिनवाद्यांत लुई स्पोर होता. संचालन खुद्द बीथोव्हेनकडे. हळू सुरावट आली की तो खाली वाकायचा, जोर आला की उडी मारायचा. त्या काळातल्या एका प्रसंगाची नोंद स्पोरने केली आहे. अगदी मंद वाजणारा भाग बीथोव्हेनला ऐकूच आला नाही. तो हात हलवत वाद्यवृंदाच्या बराच पुढे निघून गेला आणि अपेक्षित जोराचा आवाज न आल्याने बावरून इकडे-तिकडे पाहू लागला.

लोकांनी डोक्यावर घेतले ते प्रामुख्याने वेलिंग्टनच्या विजयाला, बंदुकांच्या धडाक्याला. आज ती रचना क्वचितच वाजते. सिम्फनीचा दुसरा भाग मात्र श्रोत्यांनी तिथल्या तिथे पुन्हा वाजवायला लावला. एक लांब, दोन आखूड, दोन लांब असा साधा ठेका खालच्या तंतुवाद्यांत सुरू होतो आणि एकेक थर चढत जातो. ‘द किंग्ज स्पीच’मधील शेवटच्या भाषणामागे वाजते ते हेच संगीत.

मग वाद कशाचा?

वेलिंग्टनची रचना आपलीच मालमत्ता आहे, असा मेल्झेलचा दावा होता. त्याने ती म्युनिकमध्ये परस्पर वाजवली आणि बीथोव्हेनने त्याला कोर्टात खेचले. १८१७ मध्ये तडजोड झाली, खर्च निम्मा-निम्मा वाटून घेतला गेला. मेट्रोनोमचेही तसेच : मूळ रचना अ‍ॅमस्टरडॅमच्या विंकेलची, पेटंट मेल्झेलचे.

गंमत म्हणजे, त्याच वर्षी बीथोव्हेनने आपल्या आठही सिम्फनींची लय मेल्झेलच्या यंत्राच्या आकड्यांत छापून दिली. सातवीच्या त्या दुसऱ्या भागाला त्याने मिनिटाला ७६ ठोके दिले. अनेक वाद्यवृंद तो यापेक्षा बराच संथ वाजवतात. अ‍ॅप ७६ वर लावून स्वतः ताडून पाहता येईल. १८१८ पासून लोक बीथोव्हेनशी वहीत लिहून बोलू लागले. १८२७ मध्ये वयाच्या ५६ व्या वर्षी तो गेला. मेल्झेलने बनवलेले ते कर्णे आजही बॉनमधील त्याच्या जन्मघरात ठेवलेले आहेत.