लोखंडही थकते

ऑगस्ट व्होलर यांचा जन्म १८१९ साली जर्मनीतील झोल्टाऊ येथे झाला. पुढे ते रेल्वेत अभियंते झाले. त्या काळी आगगाडीच्या चाकांचे भक्कम आस धावता धावता अकस्मात मोडत व प्रवाशांच्या प्राणांवर बेते. व्होलरांनी खास यंत्रे रचली आणि भार दिलेले आस त्यांवर लक्षावधी वेळा फिरवून पाहिले. एकदा सहज पेलवणारा भारही पुनःपुन्हा पडला, की लोखंडाला चीर जाते व शेवटी ते तुटते. भार ठरावीक मर्यादेखाली राखला, तर मात्र ते टिकते, हे त्यांनी १८७० पर्यंत सिद्ध केले. १९१४ साली ते निवर्तले. आज धातूतील चीर कशी वाढेल, याचे गणित संगणक मांडतो; त्या विद्येचा पाया व्होलरांच्या चिकाटीने घातला.