कृष्णाखोऱ्यात समुद्राचा सोयरा शोधणारे आघारकर

वडूजच्या कडेने वाहणारी येरळा पुढे सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. त्याआधी माहुलीला वेण्णा आणि कऱ्हाडला कोयना कृष्णेत विलीन झालेल्या असतात. या तिन्ही नद्या सातारा जिल्ह्यात उगम पावणाऱ्या. त्यांपैकी वेण्णा आणि कोयना यांच्या खोऱ्यांचे नाव प्राणिशास्त्राच्या इतिहासात गेले ते एका चिमुकल्या, पारदर्शक जिवामुळे. गोड्या पाण्यातला हा जेलीफिश १९११ मध्ये शास्त्रज्ञांपुढे आला, आणि त्याचे श्रेय शंकर पुरुषोत्तम आघारकर या तरुण अध्यापकाचे होते.

सातारकरांना हे नाव ऐकताच टेंभूचे गोपाळ गणेश आगरकर आठवतात. आघारकर निराळे. पुण्यातली आघारकर संशोधन संस्था नेमकी आगरकर रस्त्यावर असल्याने हा घोटाळा आणखी वाढतो!

आघारकरांचा जन्म १८८४ चा, मालवणचा. तिथल्या सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या उथळ पाण्यात प्रवाळ आहेत. प्रवाळाचा जीव आपल्या पेशींत सूक्ष्म शैवालाला आश्रय देतो. शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला मिळतो. यजमानाच्या टाकाऊ द्रव्यांतून शैवालाला नायट्रोजन मिळतो. प्रवाळाला रंगही बहुतांशी या भाडेकरूमुळेच येतो. पाणी प्रमाणाबाहेर तापले की मात्र हा संसार मोडतो. शैवाल बाहेर पडते, प्रवाळ पांढरेफटक होतात आणि ताप लांबला तर उपासमारीने मरतात. मालवणचा हा परिसर १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. तरीही तिथले प्रवाळ पांढरे पडत असल्याची शास्त्रज्ञांची निरीक्षणे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली.

जेलीफिश हा या प्रवाळांचाच नातलग, एकाच प्राणिसंघातला. समुद्रातल्या काही जेलीफिशांच्या शरीरातही असेच शैवाल नांदते. अशा कुळातला जीव सह्याद्रीच्या नदीत सापडावा, याचे नवल मोठे होते. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत असताना आघारकरांनी हे नमुने मिळवले. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे नेल्सन अ‍ॅनन्डेल यांनी त्यांचे वर्णन करून या जातीला लिम्नोक्निडा इंडिका हे नाव दिले. तोवर ही प्रजाती फक्त आफ्रिकेतून ठाऊक होती. टांगानिका सरोवरातल्या जिवाचा भाऊबंद साताऱ्यात कसा, हा प्रश्न त्यामुळे उभा राहिला. पुढच्याच वर्षी आघारकरांनी ग्रॅव्हली यांच्यासह या जेलीफिशच्या सवयी आणि प्रसार यांवर लेख लिहिला.

कोणता जीव कुठून आला, हा प्रश्न त्यांनी पुढेही सोडला नाही. फक्त प्राण्यांऐवजी वनस्पती घेतल्या. कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापकपद मिळाल्यावर ते अभ्यासासाठी जर्मनीला गेले. तेवढ्यात पहिले महायुद्ध पेटले आणि ब्रिटिश प्रजाजन म्हणून त्यांना स्थानबद्ध व्हावे लागले. असे असूनही १९१९ मध्ये त्यांनी बर्लिनची डॉक्टरेट मिळवली. वायव्य भारतातल्या रखरखीत प्रदेशातील वनस्पतींचा प्रसार आणि त्यांचे मूळ हा त्यांचा विषय होता. परतल्यावर १९४६ पर्यंत त्यांनी कलकत्त्यात अध्यापन केले.

निवृत्तीनंतर स्वस्थ बसण्याचा काळ आला असताना त्यांनी पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी केली. स्वतःची इमारत नसल्याने काम सुरू झाले ते विधी महाविद्यालयाच्या आवारात. १९६० मध्ये मृत्यू येईपर्यंत या संस्थेची धुरा त्यांच्याकडेच होती. १९९२ मध्ये तिच्या संशोधन संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले.

त्यांच्या पश्चात या संस्थेत दगडफुलांचा मोठा संग्रह जमला. गोड्या मसाल्यात पडणारे दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवाल यांची भागीदारी. प्रवाळासारखाच संसार, फक्त कोरड्या खडकावर किंवा झाडाच्या सालीवर मांडलेला. सहजीवनाची शास्त्रीय संकल्पना एकोणिसाव्या शतकात जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांनी मांडली, तीही याच दगडफुलांच्या अभ्यासातून.

आघारकरांच्या जेलीफिशची कथा मात्र साताऱ्यात पुढे अवघड झाली. कोयनेवर १९६० च्या दशकात धरण झाले, नंतर वेण्णेवर कण्हेरचे. ज्या वाहत्या नद्यांच्या डोहांत हा जीव पाहिला गेला, त्यांचे पाणी आता धरणांच्या दरवाजांवर अवलंबून असते. हीच जात पुढे केरळातही आढळली. परंतु तिची पहिली ओळख कोयना-वेण्णेच्या पाण्यातलीच.