मोटारीची पहिली सारथी : बर्था बेंझ

मोटारीचा शोध कोणी लावला, असे विचारले की सामान्यज्ञानाच्या पुस्तकातून कार्ल बेंझ यांचे नाव चटकन सापडते. ते बरोबरच आहे. परंतु त्या मोटारीत पैसा कोणाचा ओतला गेला आणि लांबच्या वाटेवर ती प्रथम कोणी नेली, हे ती पुस्तके सांगत नाहीत. दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे : त्यांची पत्नी बर्था.

बर्थाबाईंचा जन्म ३ मे १८४९ रोजी जर्मनीतील फोर्झहाइम येथे झाला. माहेरचे आडनाव रिंगर. वडील सुतारकाम व बांधकामाच्या धंद्यात सधन झालेले. कार्ल मात्र आगगाडीच्या इंजिनचालकाचे पोर; वडील लहानपणीच वारलेले, आईने कष्टाने शिकवलेले. १८७१ मध्ये कार्लनी मॅनहाइम येथे भागीदारीत कारखाना काढला. भागीदार भरवशाचा निघाला नाही. तेव्हा बर्थाबाईंनी आपल्या हुंड्याची रक्कम लग्नाआधीच मागून घेतली आणि त्या पैशातून भागीदाराचा हिस्सा मोकळा केला. हुंड्याची रक्कम मुलीनेच असल्या कामी लावल्याचे आपल्याकडे ऐकिवात नाही! १८७२ मध्ये लग्न झाले. पुढची कित्येक वर्षे ओढगस्तीचीच गेली.

२९ जानेवारी १८८६ रोजी तीनचाकी मोटारीच्या पेटंटसाठी अर्ज झाला. पेटंटवर बर्थाबाईंचे नाव नव्हते. गाडी तयार झाली, पण गिऱ्हाईक फिरकेना. विनाघोड्याच्या गाडीवर लोकांचा विश्वास नव्हता आणि कार्ल पडले संकोची. गाडी अजून निर्दोष नाही म्हणून ते तिला गावाबाहेर काढायला धजत नसत. घरातला पैसा तर सगळा त्यातच अडकलेला.

ऑगस्ट १८८८ मध्ये एके दिवशी भल्या पहाटे, पतीला न सांगता, बर्थाबाईंनी पंधरा वर्षांचा ऑयगेन व तेरा वर्षांचा रिशार्ड या मुलांना घेऊन गाडी बाहेर काढली. निघाल्या त्या थेट माहेरी, शंभराहून अधिक किलोमीटरवर. रस्ता घोडागाड्यांचा. इंधन वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून घेतले, कारण तेव्हा ते डाग काढण्यासाठी औषधवाल्याकडे मिळे. इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या टाचणीने साफ केली. वायर उघडी पडली तिला मोज्याचा पट्टा गुंडाळला. साखळी लोहाराने नीट करून दिली. चढावर गाडी ढकलावी लागली आणि उतारावर त्याहून मोठे संकट आले : ब्रेकचे ठोकळे झिजून धरेनासे झाले. बाउशलॉट गावी बर्थाबाईंनी चांभाराला गाठून त्या ठोकळ्यांवर नवे चामडे ठोकून घेतले. ब्रेकच्या लायनरची सुरुवात इथून झाली असे मानतात.

ही गोष्ट मला विशेष भावली याचे कारण माझे मामा तालुक्याच्या गावी गॅरेजात काम करतात. जुन्या अँबॅसडरचे मागचे चाक उतरवून ड्रम खेचला की आत अर्धचंद्रासारखे दोन ब्रेक शू दिसतात. ब्रेक दाबला की तेलाच्या दाबाने ते फाकतात आणि ड्रमला आतून घासतात. झिजतो तो शूवरचा लायनर. तो रिव्हेटच्या डोक्यापर्यंत आला की बदलावाच लागतो, नाहीतर रिव्हेट ड्रमवर चरे पाडतात. मामा दोन्ही चाकांचे लायनर नेहमी जोडीने बदलतात. एकच बदलला तर ब्रेक सारखे लागत नाहीत. बर्थाबाईंच्या गाडीला ड्रम नव्हता. तो ब्रेक फ्रान्सच्या लुई रेनॉ यांनी १९०२ मध्ये आणला. पण मामांचा लायनर आणि त्या चांभाराचे चामडे यांचे काम एकच.

संध्याकाळी फोर्झहाइमला पोचल्यावर बर्थाबाईंनी पतीला तार केली. काही दिवसांनी त्याच गाडीने परतल्या आणि चढासाठी आणखी एक गिअर हवा असे त्यांना सांगितले. कार्लनी तो बसवला. प्रवासाचा बोलबाला झाला, पुढे गाड्या खपू लागल्या. शतक संपेपर्यंत बेंझचा कारखाना जगातील मोठ्या मोटार कारखान्यांत गणला जाऊ लागला.

कार्ल १९२९ मध्ये निवर्तले. बर्थाबाई त्यानंतर पंधरा वर्षे लाडेनबुर्ग येथे राहिल्या. पंच्याण्णवाव्या वाढदिवशी कार्ल्सरूहेच्या तंत्रविद्यापीठाने त्यांना सन्माननीय सिनेटर केले. हेच विद्यालय कार्ल यांचेही. दोनच दिवसांनी, ५ मे १९४४ रोजी, त्यांचे निधन झाले. २००८ मध्ये त्यांच्या प्रवासाच्या मार्गाला त्यांचे नाव अधिकृतपणे देण्यात आले.