कोंबड्यांची उतरंड नोंदवणारा मुलगा

खुराड्यात नवी पिल्ले सोडली की जुन्यांतली एखादी कोंबडी त्यांच्यावर तुटून पडते. दाण्याजवळ फिरकू देत नाही, पाण्यापासून हाकलते, डोक्यावर टोचून रक्त काढते. कोंबड्या पाळणारे तिला खुनशी ठरवून मोकळे होतात. पण या टोचण्याला काटेकोर नियम असतात, हे पद्धतशीरपणे नोंदवले ते नॉर्वेतल्या एका शाळकरी मुलाने.

थोर्लाइफ शेल्डरुप-एब्बे यांचा जन्म १८९४ सालचा, ख्रिस्तियानिया म्हणजे आजच्या ऑस्लोमधला. आईवडील दोघेही शिल्पकार. सुट्टीत कुटुंब गावाकडच्या घरी राहायला जाई, आणि तिथल्या कोंबड्यांनी या मुलाला वेड लावले. प्रत्येक कोंबडी त्याला चेहऱ्याने ओळखता येई. दहाव्या वर्षाच्या सुमारास तो वहीत टिपणे ठेवू लागला होता : कोणी कोणाला टोचले, कोण मुकाट्याने बाजूला झाली, दाण्यावर पहिली चोच कोणाची.

या नोंदींतून एक रचना उभी राहिली. कळपातल्या कोणत्याही दोन कोंबड्या घेतल्या तर त्यांतली एक टोचणारी आणि दुसरी टोचून घेणारी असते. दहा कोंबड्यांच्या कळपात अशा ४५ जोड्या होतात आणि जवळजवळ प्रत्येक जोडीचा निकाल आधीच लागलेला असतो. सगळ्यांत वरची कोंबडी सर्वांना टोचते, तिला कोणी नाही. सगळ्यांत खालची सर्वांचे टोचणे सोसते. ही उतरंड नेहमी सरळ रेषेत असतेच असे नाही. पहिली दुसरीवर, दुसरी तिसरीवर आणि तिसरी उलट पहिलीवरच भारी, असे त्रिकोणही त्यांना आढळले. हा निकाल एकदा लागला की रोज मारामारी करावी लागत नाही. नुसती मान उंचावली तरी खालची कोंबडी बाजूला सरकते.

विद्यापीठात मात्र गाडी अडली. प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या क्रिस्टिन बोनेव्ही या नॉर्वेतल्या पहिल्या महिला प्राध्यापक. त्यांची टर उडवणारा एक लेख प्रसिद्ध झाला आणि तो शेल्डरुप-एब्बे यांचाच, असा समज पसरला. त्यांच्या घरच्यांच्या सांगण्यानुसार तो त्यांनी लिहिलाच नव्हता. पण संबंध बिघडले ते बिघडलेच. मायदेशी वाट बंद झाल्यावर त्यांनी जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्ड विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली. कोंबड्यांच्या सामाजिक मानसशास्त्रावरचा त्यांचा जर्मन निबंध १९२२ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘पेकिंग ऑर्डर’ हा आज कचेऱ्यांमध्येही सर्रास वापरला जाणारा शब्द मूळचा तिथल्या जर्मन संज्ञेचा अनुवाद आहे.

पुढे बदके आणि इतर पक्ष्यांतही त्यांनी अशी उतरंड शोधली. हुकूमशाही हे साऱ्या सृष्टीचेच तत्त्व आहे, इथपर्यंत ते पोहोचले. ही उडी जरा लांबच होती. नोंदी मात्र खणखणीत होत्या. अमेरिकेत वॉर्डर अ‍ॅली आणि अल्फियस गुल यांनी १९४० च्या दशकात याच धाग्यावर प्रयोग केले. काही कळपांतल्या कोंबड्या ते सतत बदलत राहिले, काही कळप तसेच ठेवले. बदलत्या कळपांत मारामाऱ्या जास्त झाल्या, खाणे कमी झाले, अंडीही कमी मिळाली. म्हणजे उतरंड क्रूर दिसली तरी ती सतत मोडत राहणे कोंबड्यांना अधिक महाग पडते.

नव्या पिल्लांचा प्रश्न इथेच येतो. त्यांना उतरंडीत जागाच नसते आणि ती त्यांना टोचणे खाऊनच मिळवावी लागते. पिल्लू तीन-चार आठवड्यांचे असेल तर मोठ्या कोंबडीच्या चोचीने ते मरूही शकते. खुडुक बसून पिल्ले काढलेली आई सोबत असेल तर प्रश्न सोपा, ती इतरांना जवळ येऊ देत नाही. विकत आणलेल्या पिल्लांना ते कवच नसते. म्हणून ती तलंगांएवढी, साधारण दोन-अडीच महिन्यांची होईपर्यंत वेगळी वाढवावीत. मिसळण्याआधी आठ-पंधरा दिवस मध्ये जाळी लावून शेजारी ठेवावीत. एकमेकांना पाहून, ऐकून नवखेपण ओसरते. एकटे पिल्लू कधीही सोडू नये, तीन-चार एकत्र सोडली तर मार वाटला जातो. दाण्यापाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी हवीत आणि मोठ्या कोंबडीला शिरता येणार नाही अशी लपायची जागाही हवी.

एवढे करूनही एखादी हटत नसेल, तर पिल्लांना नव्हे, त्या कोंबडीलाच काही दिवस नजरेआड वेगळे ठेवावे. तिच्या गैरहजेरीत बाकीच्यांची घडी बसते आणि परतल्यावर तिला आपली जागा नव्याने मिळवावी लागते. कोंबड्या एकमेकींना मुख्यतः डोके आणि तुऱ्यावरून ओळखतात आणि दोन-तीन आठवड्यांच्या ताटातुटीनंतर ती ओळख पुसट होते. तेव्हा तिला फार दिवस बाहेर ठेवले, तर ती स्वतःच परकी होऊन परतेल. रक्त निघालेले पिल्लू मात्र ताबडतोब बाजूला काढावे, लाल जखम दिसली की सगळा कळप टोचू लागतो. आणखी एक, अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असते. वाढत्या पिल्लांना त्याच्या जेमतेम पाव हिस्सा पुरतो, जादा कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांना इजा करते. एकत्र राहू लागल्यावर सर्वांना वाढीचे खाद्य देऊन शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. ज्या कोंबड्यांना गरज आहे त्या तो खातात.

शेल्डरुप-एब्बे यांनी १९३५ मध्ये पक्ष्यांच्या समाजजीवनावर एका अमेरिकी ग्रंथासाठी सविस्तर प्रकरण लिहिले. पक्ष्यांवरच्या लेखनाबरोबर ते कविताही लिहीत. त्यांचा मुलगा दाग हा संगीताचा अभ्यासक झाला. १९७६ साली, वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.