डावा कान, उजवा कान

तुमसरजवळच्या आंबागड किल्ल्यावर गेलात तर एक गंमत करून बघा. तटावर डोळे मिटून उभे राहा आणि मित्राला खालून कुठूनही हाक मारायला सांगा. न बघताही तुम्ही त्याच दिशेला वळाल. हाक एका कानावर आधी पोचते, दुसऱ्यावर किंचित उशिरा. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी, पण मेंदूला तेवढा पुरतो.

हे साधं गणित यंत्रात उतरवलं अॅलन ब्लमलाइन या इंजिनीअरने. हेडफोन घालताना तुम्ही 'एल' आणि 'आर' बघता ना? ती त्याचीच देणगी.

ब्लमलाइनचा जन्म लंडनचा, २९ जून १९०३चा. सात वर्षांचा असताना त्याने घरची बिघडलेली बेल दुरुस्त केली आणि वडिलांना चक्क बिल दिलं, असं सांगतात. १९२९मध्ये तो कोलंबिया ग्राफोफोन कंपनीत लागला. १९३१मध्ये ही कंपनी आणि कुत्र्याच्या चित्राच्या रेकॉर्डवाली एचएमव्ही एकत्र येऊन ईएमआय झाली. आपल्या आजोबा-पणजोबांच्या फोनोवर वाजायची तीच एचएमव्ही.

तेव्हा बोलपट नवे होते. आपल्याकडे प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला १९३२मध्ये. ब्लमलाइन होणारी बायको डोरीनबरोबर सिनेमाला गेला असताना त्याला एक गोष्ट खटकली, असं म्हणतात. नट पडद्याच्या या टोकाकडून त्या टोकाला जातो, पण त्याचा आवाज मात्र एकाच जागेवरून येतो! हे इतरांनाही दिसत असणारच. पण हा पठ्ठ्या उपाय शोधायला बसला. १४ डिसेंबर १९३१ला त्याने पेटंटसाठी अर्ज केला. त्यात ७० दावे होते. दोन मायक्रोफोन कसे ठेवायचे इथपासून रेकॉर्डच्या एकाच खाचेत दोन आवाज कसे कोरायचे इथपर्यंत सगळं. जानेवारी १९३४मध्ये अॅबी रोड स्टुडिओत त्याने ऑर्केस्ट्राचं स्टिरिओ रेकॉर्डिंगही केलं. बाजाराला मात्र घाई नव्हती.

१९३६मध्ये त्याने आणखी एका सर्किटचं पेटंट मागितलं. दोन व्हॉल्व्हची ही जोडी दोन सिग्नलमधला फरक तेवढा वाढवते, दोन्हीकडे सारखी शिरलेली खरखर दाबते. व्हॉल्व्ह जाऊन ट्रान्झिस्टर आले, तरी ऑप-अॅम्पच्या पहिल्या पायरीवर हीच कल्पना असते. लाखभर रुपयांच्या कितीतरी प्रीअॅम्पमध्येसुद्धा!

पुढे महायुद्ध आलं. ७ जून १९४२ला विमानातल्या गुप्त रडारची चाचणी चालू असताना हॅलिफॅक्स विमान कोसळलं. अकरा जण गेले, त्यात ब्लमलाइनही होता. वय अवघं ३८, नावावर १२८ पेटंट. रडार गुप्त, म्हणून मृत्यूची बातमीही दाबली गेली. स्टिरिओ रेकॉर्ड दुकानांत सर्रास मिळायला १९५८ उजाडलं. ते बघायला तो नव्हता.

आता तुमचं काम. मित्राकडे भारी प्रीअॅम्प असेल, तर आपल्या साध्याशी त्याची तुलना करा. प्रीअॅम्पचं काम तसं छोटं. कुठून ऐकायचं ते निवडायचं, आवाज कमी-जास्त करायचा आणि सिग्नल पुढे पॉवर अॅम्पला द्यायचा. आधी दोन्हींचा आवाज सारखा करा. एकच टोन वाजवून स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटरने व्होल्ट मोजा. हे टाळलंत तर जो जरा मोठा वाजतो तोच चांगला वाटणार. मग अदलाबदल दुसऱ्याने करायची, तुम्ही डोळे मिटून ऐकायचं आणि कागदावर लिहायचं. गाणं स्टिरिओ हवं, जुनी मोनो भावगीतं इथे चालायची नाहीत. गायिका बरोबर मध्ये उभी आहे का? तबला आपल्या जागेवर आहे का?

दहा वेळा करा. फरक ओळखता आला नाही, तरी लाजू नका. तुमच्या कानांनी दिलेलं ते प्रामाणिक उत्तर आहे, आणि कदाचित लाखभर रुपये वाचवणारंही.